आढ्याखालची पाचर

प्रिय लुआन,

या पार्सलात पत्राबरोबर लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी आहे. ते आत्ता उघडू नकोस. तू आधी तेच उघडणार हे मला ठाऊक आहे. लहानपणी नवीन वर्षाची लाल पाकिटं तू देणाऱ्याच्या तोंडासमोर फाडायचीस आणि तुझी आई कपाळाला हात लावायची. पण या वेळी माझं ऐक, आधी हे पत्र वाच. महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. अगं, मी तरी उचलला असता का? देवळासमोर माशांच्या गोळ्यांची गाडी लावणारी ती भवानी, तिने तुला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं असणार. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. तिने मीठ लावलं असेल, पण मासा माझाच होता.

तर आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला निदान तोंड राहील. देवळाच्या आतल्या चौकात सभा होती. छप्पर उतरवून दुरुस्त करायचं की नाही, याचा कौल लावून झाला होता. लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या तशी आपल्या दर्यादेवीने, माझूआईने सलग होकार दिला, आणि मी समितीची अध्यक्षीणबाई म्हणून मधल्या टेबलापाशी फुशारून उभी होते. तेवढ्यात हुआतकाका काठी टेकत आले. नव्वदी उलटलेले तुझे वडील, गेली कित्येक वर्षं कुठल्या सभेला आलेले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "आधी छपराची ड्रॅगनबाजू उघडा." झालं! माझ्या जिभेला हाड आहे का कधी? मी म्हटलं, "काका, साठ वर्षं गळतेय ती तुमची वाघबाजू, आणि उघडायची माझ्या बाबांनी बांधलेली? नाचता येईना अंगण वाकडं!" लोक हसले. हसले की मला चेव येतो, हे तुला माहीत आहे. मी पुढे म्हटलं, "देवळात माणसं ड्रॅगनच्या दाराने येतात आणि वाघाच्या दाराने बाहेर पडतात. तुमचं झालं असेल तर तुम्हीही आता तिकडूनच घरी जा." मग तर हशाच पिकला.

काकांनी मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवतो तशी. आणि ते खरंच वाघाच्या दाराकडे गेले. तो उंबरठा केवढा उंच आहे तुला ठाऊक आहे, आणि त्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा. त्यांनी चौकट धरून एक पाय पलीकडे टाकला आणि दुसरा काही केल्या उचलेना. सगळे बघत होते. मीही बघत होते. एक जण उठला नाही, लुआन. शेवटी त्यांनी हाताने आपली विजार गुडघ्याशी धरली, पाय उचलून पलीकडे ठेवला, मग वळून माझूआईला नमस्कार केला आणि गेले. मी पुढचा विषय घेतला.

तुला आठवतं का, देऊळ बांधत होते तेव्हा आपण दोघी सात-आठ वर्षांच्या होतो. गावाने दोन मिस्त्री बोलावले, डावी ड्रॅगनबाजू माझ्या बाबांना, उजवी वाघबाजू तुझ्या बाबांना, आणि मधोमध छपरापासून जमिनीपर्यंत ताडपत्रीचा पडदा. बघू कोण सरस ठरतो! तेव्हा देवळं अशीच बांधायचे, स्पर्धा लावून. पडद्याच्या इकडे बाबा म्हणायचे, "त्या हुआतला करवतीचे दात कुठल्या बाजूला असतात ते तरी विचारा." पडद्यापलीकडून काका ओरडायचे, "तेक, तुझा ड्रॅगन झाला का रे? की अजून गांडूळच आहे?" आपण दोघी पडद्याखालून इकडून तिकडे सरपटायचो आणि दोन्हीकडचं भातावरचं डुकराचं मटण खाऊन यायचो. तुमच्याकडचं जास्त चांगलं असायचं, हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. तुझ्या हातून फुटलेला निळा वाडगा काकांनी तुला न रागावता उचलला, त्याचे तुकडे कापले आणि छपरावरच्या पक्ष्याच्या शेपटीत बसवले. तू गावभर सांगत सुटलीस, तो पक्षी मीच आहे म्हणून.

आणि ते दोन लाकडी बावळट! छपराच्या कोपऱ्याखाली तुळई खांद्यावर घेऊन उकिडवे बसलेले, डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले. पडदा उतरला त्या दिवशी गाव हसून हसून लोळलं, कारण काकांच्या कोपऱ्याखालच्या बावळटाला माझ्या बाबांचं नाक होतं आणि बाबांच्या बावळटाला काकांचे कान. दोघांनी एकमेकांना न सांगता एकच खोडी काढली होती. बाबा आठवडाभर धुमसत होते.

पण निकाल बाबांच्या बाजूने लागला. ड्रॅगनचे खांब, कोरीव पाट्या, सगळं लोकांना त्यांचंच जास्त आवडलं. वर पहिल्याच वादळी पावसाळ्यात वाघबाजू गळायला लागली. भिंतीवरच्या चित्रातल्या सेनापतीच्या तोंडावरून ओघळ आले, तो रडतोय असं वाटायचं. त्या ओघळांपुढे काकांची काय पत राहणार? पुढची देवळं बाबांना मिळत गेली. काका ओट्यावर बसून स्टुलं, पाट, शवपेट्या करायला लागले. शाळेत मुलं तुला "गळकी" म्हणायची आणि तू माझ्या घराच्या पायऱ्यांवर येऊन रडायचीस. मी तुझी समजूत काय घालायचे? "जाऊ दे गं, सगळ्यांना थोडंच सगळं येतं!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आज ते वाक्य आठवलं की मलाच माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगते. वर्षभर ते काकांना शिव्या द्यायचे, पण गळतीवरून दुसऱ्या कुणी काकांची टिंगल केली, तर खाली मान घालून सिगारेट पेटवायचे. आणि दर नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी माझ्या हातात तांदळाच्या पिठाच्या लाल कासववड्यांचं ताट देऊन म्हणायचे, "जा, त्या हुआत माकडाच्या घरी देऊन ये. कुणी पाठवलं ते सांगायची गरज नाही." मला ते मोठेपण वाटायचं. बघा, जिंकलेला माणूस किती दिलदार असतो! आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुला काय करायचंय? ताट सांभाळून ने."

आता छपराचं ऐक. आम्ही अर्थातच आधी वाघबाजू उघडली. शहरातून आलेला नवा मिस्त्री प्रत्येक खांबावर, तुळईवर हातोडी ठोकत गेला. सगळं ठणठणीत. तो म्हणाला, "बाई, हे काम ज्याने केलंय त्याच्या पाया पडायला हवं. पाणी इथलं नाही." मग आढ्याच्या पोटाला ओलीचा काळा पट्टा दिसत होता, त्याच्या मागे मागे तो सरकत गेला, मधली रेघ ओलांडून आमच्या बाजूला. पाणी शिरत होतं ड्रॅगनबाजूने, बाबांच्या छपराच्या सांध्यातून. तिथून आढ्याखालून वाहत जायचं आणि गळायचं तुमच्याकडे. तुमची बाजू साठ वर्षं आमचं पाणी गळत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मिस्त्रीने मला वर बोलावलं. या वयात मी परांचीवर चढले, अध्यक्षीण ना! आमच्या मधल्या खांबाचा माथा आणि आढं यांच्यामध्ये एक पाचर होती. कडा इतक्या नीट तासलेल्या की खालून बघणाऱ्याला खांबाचाच भाग वाटावा. मिस्त्री म्हणाला, "हा खांब आखूड भरलाय. ही पाचर नसती तर आढं या बाजूला कललं असतं आणि पहिल्याच मोठ्या भूकंपात सगळं देवीच्या अंगावर आलं असतं. कुणी घातली?" आढ्याला टेकू लावून त्याने ती काढून दिली. मी ती हातात घेतली, आणि लुआन, वास आला. कापराच्या लाकडाचा. बाबांचं सगळं काम सरूचं. कापराचं लाकूड गावात एकाच घरात यायचं. तुझा भोवरा त्याचा होता, तुझी फण्यांची पेटी त्याची होती, पावसाळ्यात तुमच्या घरात शिरलं की तोच वास यायचा. सत्तरीला आलेली मी परांचीवर त्या लाकडाला नाक लावून उभी राहिले आणि मला सगळं कळलं.

आणि मिस्त्रीला मी काय सांगितलं माहितीये? म्हटलं, "माझ्या बाबांनीच घातली असणार. त्यांच्याच लक्षात आलं असेल." तोंडातून गेलं. नाही, तोंडातून गेलं म्हणणं हा पण खोटेपणाच झाला. मी विचार करून बोलले. पाचर पिशवीत घातली आणि खाली उतरले. मिस्त्रीने ती गोष्ट खाली सगळ्यांना सांगितली, आणि त्या संध्याकाळपासून गावात नवं कौतुक सुरू झालं: तेक मिस्त्री केवढा प्रामाणिक, स्वतःची चूक स्वतः निस्तरली! लोक मला थांबवून सांगायचे आणि मी मान लववून "बाबा तसेच होते" म्हणायचे.

घरी येऊन मी बाबांची मोजकाठी काढली. आमच्या देव्हाऱ्याशेजारी ती उभी असते, मी रोज तिच्यापुढे उदबत्ती लावते. देवळाची सगळी मापं त्या काठीवर. दुसऱ्या दिवशी ती नेऊन खांबाला लावली. खांब काठीबरहुकूम! कापणाऱ्याची चूक नव्हतीच, काठीतच चूक होती. कामाला हात लावण्याआधी दोन मिस्त्र्यांनी आपापल्या काठ्या शेजारी शेजारी ठेवून मापं जुळवायची, अशी रीत. बाबांनी आपली काठी दाखवली नव्हती. हे तर ते स्वतःच चारचौघांत शेखी मिरवत सांगायचे: "माझी काठी मी त्या माकडाला दाखवतो की काय? मापं चोरेल माझी!" मी ते ऐकून हसत मोठी झाले.

मग मी तुझ्या बाबांकडे गेले. लाल कासवं घेऊन गेले, दुसरं काही सुचलंच नाही. काका ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नवीन वर्ष लवकर आलं की काय यंदा? की सापडली ती?" मी पाचर त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाले, "बरी टिकली." मी रडायला लागले तर म्हणाले, "ए खिमे, शेंगा भिजतील."

सांगत गेले ते. आढं चढवायच्या आदल्या दिवशी बाबांचे लोक जेवायला गेले असताना ते पडद्याच्या वर चढून पलीकडे डोकावले होते. खोडी काढायला, तिकडचा बावळट बघायला. तिथून त्यांना दिसलं की आमचा खांब आखूड आहे. मी विचारलं, "मग ओरडला का नाहीत? तुम्ही जिंकला असतात." ते म्हणाले, "ओरडणारच होतो. तोंड उघडलं पण होतं. मग खाली माझूआई दिसली, तिच्या डोक्यावर लाल कापड टाकलेलं. आता तिचं डोकं एकच. छप्पर पडताना तेकचं कुठलं आणि हुआतचं कुठलं हे ती थोडीच विचारणार?" मग खो खो हसले आणि म्हणाले, "आणि तुझ्या बापाने माझ्या कानांचा बावळट त्याच्या कोपऱ्याखाली बसवला होता. त्याला फुकट बसवून कसं चालेल? म्हटलं, थोडं ओझं खरंच उचलून दाखवावं. त्याच रात्री चढून पाचर बसवली." मी विचारलं, बाबांना माहीत होतं का? ते म्हणाले, "त्याची काठी चुकली असेल, नाक शाबूत होतं. कापराचा वास त्याला येणार नाही होय?"

म्हणजे बाबांना माहीत होतं. साठ वर्षं नव्हे, ते जगले तितकी वर्षं. दर वर्षी एक ताट कासवं पाठवली आणि बाकी वर्षभर तुझ्या बाबांना शवपेट्या करू दिल्या. मला त्यांचा राग यायला हवा, आणि येतोही, पण लाज जास्त येते. मी त्यांचीच मुलगी आहे, हे मी परांचीवर सिद्ध करून दाखवलं ना!

निघताना काका म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. तेक गेला. मेलेल्या मिस्त्रीचं छप्पर उघडायचं नसतं." आणि मला हायसं वाटलं, लुआन. इथे लपवण्यासारखं काही नाही म्हणून लिहिते. वाघाच्या दाराकडे बोट दाखवलं त्याची लाज आहे, मिस्त्रीशी खोटं बोलले त्याचीही आहे, पण त्या ओसरीवर मला जे हायसं वाटलं, त्याच्या लाजेने मला जेवण जात नाही. तो म्हातारा माणूस मला पांघरूण देत होता आणि मी ते घाईघाईने ओढून घेतलं. दारात मी म्हटलं, "काका, आढं चढवायला याल ना?" तर ते शेंगांकडे बघत म्हणाले, "मला कुणीतरी घरी जायला सांगितलंय. मी आपला आलोय घरी." त्यात राग नव्हता गं. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी माझूआईपुढे कौल लावला. विचारलं, "काकांच्या इच्छेप्रमाणे गप्प राहू ना?" दोन्ही चंद्रकोरी पोट वर करून पडल्या. देवी हसली, म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. मी शब्द बदलले, म्हटलं, मेलेल्या माणसाची अब्रू राखणं हे पुण्य आहे ना? पुन्हा हसली. मी गोड बोलले, रडले, फळं ठेवली. हसतच राहिली. शेजारी कौल लावायला थांबलेली एक म्हातारी मला म्हणाली, "अगं बाई, असं काय विचारतेयस तिला की ती इतकी हसतेय?" मी चंद्रकोरी जागेवर ठेवल्या आणि वाघाच्या दाराने बाहेर पडले. उंबरठ्याशी माझाही पाय अडला.

आता लाल कापड उघड. ती पाचर आहे. वास घेऊन बघ, अजून येतो. मिस्त्री म्हणाला, नवी करून देतो, त्यात काय एवढं. मी नको म्हटलं. दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला नवं आढं चढायचं आहे आणि ते याच पाचरीवर बसेल, नाहीतर बसणार नाही, असं मी समितीला सांगून टाकलंय. पाचर कुठे आहे ते मात्र सांगितलेलं नाही. ती तुला पाठवली, कारण माझ्यापाशी राहिली असती तर एखाद्या दिवशी मी ती कालवांच्या खाडीत टाकून आले असते. स्वतःला मी आता ओळखते. म्हणून हे पत्र. तू ये. माझ्यावर थुंकायचं असेल तर थुंक, पण ये, आणि काकांना घेऊन ये. माझ्या बोलावण्याने ते येणार नाहीत, तुझ्या येतील. चौक भरला की मी सगळ्यांसमोर बाबांची काठी खांबाला लावून दाखवीन, आणि पाचर कुणाची ते सांगीन. मग ती काकांनी स्वतःच्या हाताने वर द्यावी. त्यांना ड्रॅगनच्या दाराने आत आण. तिथला उंबरठाही तेवढाच उंच आहे, पण मी त्या उंबरठ्याशी सकाळपासून उभी असेन, आणि त्यांनी धरू दिला तर या वेळी त्यांचा हात मी धरीन.

तुझी म्हणायला अजून जागा ठेवली असशील तर तुझीच,
खिम